पान दोनशे बारा

"मी तुमचे पाय पदरानं पुसले? कधी?"

आमचे हे तेव्हा अंगणात पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर एक पाय टाकून कमरेत वाकत होते. गुडघ्याला नाक लावायचं असा त्यांचा रोजचा खटाटोप. नाक कधी लागलं नाही, पोट मात्र रोज लागायचं.

"येत्या रविवारी," ते वाकल्या वाकल्या म्हणाले.

"आज मंगळवार आहे."

"हो."

"म्हणजे जे मी अजून केलंच नाही, ते पुस्तकात छापून आलं?"

"सगुणा, पुस्तक छापायला वेळ लागतो. मजकूर आधी द्यावा लागतो. तुला त्यातलं कळत नाही."

"नाव माझं छापलंय. पदर माझा छापलाय. मला नाही कळणार तर कुणाला, प्रेसवाल्या कुलथ्याला?"

"पुढचं वाच. चांगलं लिहिलंय तुझ्याबद्दल."

"वाचलं. अर्धांगिनीच्या नेत्रांतून अश्रुधारा. या नेत्रांतून धारा तुम्ही कधी बघितल्यात?"

ते सरळ झाले. टॉवेलनं मान पुसत त्यांनी खरोखरच विचार केला. "नाही," म्हणाले.

"मग?"

"म्हणूनच लिहिलं. शेवट जरा भरल्यासारखा वाटतो."

याला आता बारा वर्षं झाली. माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढं आईचं बाळंतपण आलं आणि माझं दप्तर धाकट्या भावाच्या पाठीवर गेलं. पण वाचता येतं मला. बोट ठेवून वाचते, सावकाश वाचते, आणि वाचलेलं विसरत नाही. पुस्तक मात्र मी मागून वाचायला घेते. पुढच्या बाजूला आमदार, खासदार, चेअरमन यांचे शुभेच्छा संदेश असतात, ते संपेपर्यंत माझे डोळे दुखायला लागतात. त्यामुळं आमच्या घरात कुठल्याही पुस्तकाचा शेवट सगळ्यांच्या आधी मला कळतो. आमचे हे तेवढं विसरले होते.

हे म्हणजे किसनराव खेतमाळीस. देवसांगवीचे दहा वर्षं नगराध्यक्ष. औटी वकिलांनी त्यांना अकरा मतांनी पाडलं, तरी गावाच्या तोंडात 'अध्यक्ष' हेच नाव राहिलं. 'माजी' हा शब्द आमच्या घरात फक्त मी वापरायचे, तोही भांडणात.

हरल्यावर महिन्याभरात रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. चार दिवस चालले. पाचव्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "उद्यापासून मी पळणार."

"कशापायी? कोण मागं लागलंय?"

"चालणाऱ्या माणसाला लोक थांबवतात, सगुणा. पळणाऱ्याला थांबवत नाहीत."

थांबवून लोक करायचे काय, तर हळहळायचे. अरेरे अध्यक्ष, अकराच मतं हो. अरेरे अध्यक्ष, तुमच्यासारखा माणूस. ते ऐकायला नको म्हणून हा माणूस पळायला लागला. पळता पळता दहा किलोमीटरची शर्यत झाली, एकवीसची दोनदा झाली, आणि साठी उलटून गेल्यावर डोक्यात बेचाळीसचं शिरलं. मधल्या वेळात पुस्तकं निघत होतीच. पहिलं 'गटारी ते गुलमोहर', त्यात नगरपरिषदेची कामं. दुसरं कवितांचं, त्याचं नाव मी घेत नाही. दोन्हींचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली होते, त्यामुळं पलंग हलत नसे. हे तिसरं, 'खुर्चीवरून रस्त्यावर'. जन्मापासून मॅरेथॉनपर्यंत सगळं आयुष्य. प्रकाशन रविवारी, हायस्कूलच्या मैदानात, शर्यत जिथं संपते तिथंच. हे पळत येणार, रेषा ओलांडणार, आणि तसेच घामेजलेले स्टेजवर चढणार.

आणि शर्यत कशी पार पडली हे पान दोनशे बारावर आधीच छापून तयार. पाच तास चाळीस मिनिटं.

ही सवय मला माहीत होती. हे अध्यक्ष असताना कुठलंही काम निघालं की आधी कोनशिला कोरून यायची. पैसा मंजूर नाही, जागा मोजलेली नाही, आणि काळ्या दगडावर सोनेरी अक्षरात नाव, तारीख, शुभहस्ते, सगळं तयार. मी एकदा विचारलं होतं, "काम झालं नाही तर दगडाचं काय करणार?"

तर म्हणाले, "दगड बसला की काम होतंच. लाजेखातर होतं."

आणि खोटं कशाला बोलू, व्हायचं. उशिरा व्हायचं, वाकडंतिकडं व्हायचं, पण व्हायचं. पाण्याची टाकी झाली, पूल झाला, भाजी मंडई झाली. एकच दगड तसा राहिला. धरणाच्या रस्त्याला माळावर, 'नियोजित नाट्यगृह, भूमिपूजन समारंभ'. चौदा वर्षं तो तिथं उभा आणि म्हशी त्याला पाठ घासतात.

"हे पुस्तक म्हणजे तुमची कोनशिला आहे तर," मी म्हटलं.

"तसंच समज."

"दगडावर तुम्ही माझं नाव कधी घातलं नव्हतं. इथं का घातलं? माझ्या सासऱ्यांना अग्नी दिला तेव्हा मी रडले नाही, पोरीला सासरी पाठवताना रडले नाही. तुम्ही पडलात त्या दिवशी औटीची माणसं गुलाल घेऊन दारात आली, त्यांना मी चहा पाजला. आणि आता शाळेच्या मैदानात चारशे माणसांपुढं मी पदरानं तुमचे पाय पुसणार? ते वाक्य काढा."

"पाचशे प्रती छापून झाल्यात, सगुणा."

"मग मी काढते."

बुधवारी दुपारी कुलथ्याच्या टेम्पोनं गठ्ठे आणून टाकले. मी ओटीवर बसले, काळं पेन घेतलं, आणि एकेक प्रत उघडून दोनशे बाराव्या पानावरचं माझं वाक्य खोडायला लागले. आडव्या तीन रेघा, मग वरून उभ्या. आमची सून ऊर्मिला शाळेत शिकवते. ती संध्याकाळी आली आणि दारातच थांबली.

"आई, असं खोडलं तर लोक जास्तच वाचतात. उजेडापुढं धरून वाचतात."

"धरू देत. बाईनं नाकारलंय एवढं तर कळेल."

"दादांचा चेहरा बघा हो जरा."

"त्यांचा चेहरा मुखपृष्ठावर आहे. पाचशे वेळा बघतेय."

गुरुवारी औटी वकील घरी आले. पांढरे कपडे, पांढरे बूट, काखेत आमचंच पुस्तक. कुलथ्यानं त्यांना एक प्रत आधीच पोचवली होती, कारण आताचे नगराध्यक्ष म्हणून प्रमुख पाहुणे तेच. मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.

"वहिनी, पुस्तक वाचलं. शेवट फारच आवडला मला. काय ती धाव, काय त्या अश्रुधारा! मी ठरवलंय, रविवारी स्टेजवरून ते पान मीच वाचून दाखवणार. अध्यक्ष पोहोचले की." मग ह्यांच्याकडे बघून गोड हसले. "नाही पोहोचले तरी."

औटी गेल्यावर हे बराच वेळ ओटीच्या खांबाला टेकून उभे राहिले. मी खोडत होते.

"छापलेलं मागं घेता येतं का गं?"

"जाळता येतं. चूल पेटवू?"

"नको." मग म्हणाले, "चोवीसच्या पुढं मी कधी पळालेलो नाही, सगुणा."

हे मला माहीत नव्हतं. मी पेन थांबवलं. दहा वर्षं ज्या माणसाची सही चालली, त्याचा शब्द आता त्या पांढऱ्या बुटांच्या काखेत होता. हे पोहोचले नाहीत तर औटी ते पान वाचणार, गाव हसणार, आणि मग ह्यांना पळूनही सुटका नाही.

रविवारी पहाटे हे निघाले. छातीवर एकशे सतराचा कागद, डोक्याला पांढरी टोपी. पौषातली थंडी होती. ऊर्मिला ओवाळायचं ताट घेऊन मैदानावर जाणार होती. दारात हे जरा घुटमळले.

"तू येशील ना शेवटाला?"

"नाही. माझा पदर घरी राहील."

"बरं," म्हणाले आणि गेले.

मी चहा घेतला आणि खोडायला बसले. उन्हं अंगणात आली. चाळीस-पन्नास प्रती राहिल्या असतील, तेवढ्यात दाराशी जीप थांबली. गुलाबभाई पठाण उतरले. चाळीस वर्षं आमच्या जीपवर आहेत. त्या दिवशी ग्लुकोजच्या बाटल्या घेऊन ह्यांच्या मागं मागं फिरायचं काम त्यांच्याकडे होतं.

"आक्का, अध्यक्ष बसले."

"कुठं?"

"एकतिसाव्या किलोमीटरला. उठत नाहीत. म्हणतात, आक्काला बोलावू नको."

"मग?"

"म्हणून आलो."

मी पेन कमरेला खोचलं, पायात चपला अडकवल्या आणि जीपमध्ये बसले.

धरणाच्या रस्त्याला लागलो आणि लांबूनच मला काळा दगड दिसला. दगडाला पाठ टेकून पाय पसरून पांढरी टोपी बसली होती. डोक्याच्या वर सोनेरी अक्षरं, 'नियोजित नाट्यगृह'. चार म्हशी थोड्या अंतरावर उभ्या राहून आपली पाळी कधी येते याची वाट बघत होत्या.

मी उतरले. "उठा. म्हशींची जागा आहे ती."

"तुला कुणी बोलावलं?"

"तुम्हीच. बोलावू नको म्हणून."

ओठ पांढरे पडले होते. मीठ सुकून गालांवर रेघा उमटल्या होत्या. मी बाटली तोंडाला लावली तशी लहान मुलासारखी सगळी प्यायले.

गुलाबभाई जवळ येऊन हळूच म्हणाले, "आक्का, मी काय म्हणतो, गाडीत मागं झोपवू. वरून ताडपत्री टाकतो. शाळेच्या मागच्या बाजूला उतरवू, शेवटचं अर्धं किलोमीटर पळतील. कोण बघतंय? पुस्तक पण खरं आणि औटी पण गप."

मला वाटलं, आता हे गुलाबभाईंवर ओरडतील. पण ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याकडे परवानगी मागतोय असं मी पहिल्यांदा बघितलं, आणि तीही ताडपत्रीखाली झोपायची.

"गुलाबभाई," मी म्हटलं, "तुम्ही गाडी घेऊन मैदानावर जा. सांगा, अध्यक्ष चालत येतायत. ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, ज्याला जेवायला जायचं त्यानं जावं."

"आणि तुम्ही आक्का?"

"मी काय इथं म्हशी राखू? मी येते ह्यांच्याबरोबर."

"सगुणा, अकरा किलोमीटर आहे."

"अकराचंच तुम्हाला नेहमी जड जातं."

ते हसले. त्या दिवशीचं पहिलं हसू. मग म्हणाले, "वेळेत नाही पोहोचणार. बाराला शर्यत बंद होते."

"वेळेत तुम्ही कधी पोहोचलात? आपल्या लग्नाचा मुहूर्तही टळला होता. भटजी झोपले होते."

"आणि पान?"

"पानाचं नंतर बघू. माळावर एका दगडानं मला मान खाली घालायला लावलीय, दुसरा मी बसवू देणार नाही. उठा."

उठताना दगडालाच धरलं त्यांनी. चार पावलं टाकली आणि खाली बघत, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "चालत गेलो तर लोक थांबवतील गं."

"थांबवू देत. मी आहे."

गुलाबभाई पाण्याची एक बाटली देऊन गेले आणि आम्ही निघालो. हे लंगडत पुढं, मी चपला वाजवत मागं. बाजूनं एकदोन तरुण धावपटू गेले, त्यांच्या पायांत स्प्रिंगा होत्या. मग रस्ता रिकामा झाला.

पहिला अडवणारा भेटला हुरड्याच्या शेतापाशी. आगटीपाशी बसलेला म्हातारा उठून रस्त्यावरच आला. मी पदर खोचून तयार झाले, म्हटलं आता अकरा मतं काढणार आणि मी त्याला तोडणार.

"अध्यक्ष! बरे सापडलात. आमच्या वस्तीचा दिवा दीड महिना बंद आहे."

"मी आता अध्यक्ष नाही बाबा," हे म्हणाले.

"ते माहिती आहे. पण दिवा बंद आहे."

हे थांबले. "खांब नंबर काय?"

म्हाताऱ्यानं नंबर सांगितला आणि ओंजळभर गरम हुरडा आमच्या हातावर ठेवला. पुढं अर्ध्या किलोमीटरवर दोन बाया. तुमच्या टायमाला दिवसाआड पाणी यायचं, आता आठवड्यानं येतं. पुढं एक मास्तर, शाळेच्या वाटेवरचा नाला. मग एक जण टपरीतून चहा घेऊनच धावत आला, त्याला जागेचा उतारा मिळत नव्हता. हळहळायला कुणालाच सवड नव्हती. ज्याला त्याला आपापलं पडलं होतं.

"पेन आहे का गं?" ह्यांनी विचारलं.

मी कमरेचं पेन काढून दिलं. ह्यांनी छातीवरचा एकशे सतरा नंबरचा कागद सोडवला, पालथा माझ्या पाठीवर धरला आणि लिहायला लागले. तेवढ्या रस्त्यात माझी पाठ नगरपरिषदेचं टेबल झाली. दिवा, खांब नंबर. पाणी, गल्ली. नाला. प्रत्येकाला बारीक प्रश्न विचारायचे, कधीपासून, कुणाला सांगितलं होतं, तो काय म्हणाला. पाय फरफटत होते, पण आवाज परत आला होता. वर्षानुवर्षं ऐकला नव्हता मी तो.

"बारा वाजले," मध्येच घड्याळ बघून म्हणाले.

"वाजू देत. रोजच वाजतात."

ओढ्याच्या अलीकडं मात्र खाली बसले ते बसलेच. चार किलोमीटर राहिले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं, ओढ्याला पाणी नव्हतं, नुसता धुरळा. उजव्या बुटाच्या टोकाला लाल ओल दिसत होती. मी खाली बसले, नाडी सोडली, बूट ओढून काढला. मोजा कातड्याला चिकटला होता. दोन नखं काळी पडली होती आणि अंगठ्याचं उपटून उभं राहिलं होतं.

"हे असं कधीपासून?"

"चोवीसपासून."

"आणि सांगितलं नाही?"

"कुणाला सांगणार? पळत होतो."

"पळत होता! या वयात माणसं नातवंडांना मांडीवर घेतात, हे नखं उपटत फिरतात. लोकांचे नवरे पत्ते खेळतात, देवळात बसतात. माझ्याच नशिबी हा घोडा." बाटलीत घोटभर पाणी होतं ते ओतलं, रक्त आणि माती निपटून काढली, हाताला आलं त्यानं पाय कोरडा केला, मोजा उलटा करून चढवला आणि नाडी सैल बांधली. तोंड चालूच होतं माझं. हे माझ्याकडे बघत होते.

"काय बघता?"

"काही नाही."

"मग उठा. आणि माझ्याकडे बघू नका, रस्त्याकडे बघा."

धुरळा फार आहे त्या ओढ्यापाशी. डोळ्यांत जातो. तेवढंच सांगते.

मैदानावर पोहोचलो तेव्हा शर्यतीची कमान उतरवत होते. हवा काढलेली कमान जमिनीवर पसरली होती, आम्ही तिच्यावरून पाय टाकूनच रेषा ओलांडली. खेळाचे गाडेकर सर वही घेऊन एकटेच टेबलाशी थांबले होते. त्यांनी उभं राहून घड्याळ बघितलं.

"नऊ तास सव्वीस मिनिटं. पदक नाही देता येणार अध्यक्ष, वेळ संपून गेली. नोंद करतो."

"करा," हे म्हणाले.

मंडपात साठ-सत्तर माणसं राहिली होती. बाकीची जेवायला गेली असतील, पण ही काही उपाशी बसणारी नव्हती. त्यांना कळलं होतं की काहीतरी होणार. स्टेजवर औटी वकील, पांढरे बूट, काखेत पुस्तक. ह्यांना वर घेतलं, खुर्ची दिली. मी खाली उभी राहिले. ऊर्मिला निरांजन विझलेलं ताट घेऊन माझ्याजवळ आली.

औटींनी माईक घेतला. "आपले अध्यक्ष आत्ताच पोहोचले. आपण सगळ्यांनी बघितलं. आता त्यांच्याच शब्दांत ऐकू या ते कसे पोहोचले. पान दोनशे बारा." आणि सावकाश, कोर्टात वाचतात तसं, वाचायला लागले. "'पाच तास चाळीस मिनिटांनी मी अंतिम रेषा ओलांडली.'"

मंडपात हशा पिकला. हे खुर्चीत सरळ बसून होते. हात गुडघ्यांवर.

"'तेव्हा माझ्या अर्धांगिनीच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहत होत्या. तिने आपल्या पदराने माझे पाय पुसले.'"

आता सगळी तोंडं माझ्याकडे वळली. गाव मला ओळखून आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि माझा पदर ह्यांच्या पायाला! मागच्या रांगेतला एक जण तर खुर्चीवरून घसरला हसून.

"वहिनी," औटींनी माईक माझ्या दिशेनं धरला, "वेळेचं आम्ही बघितलं. निदान हे तरी खरं का?"

उत्तर मंगळवारपासून तयार होतं माझ्याकडे. साडेचारशे प्रतींत लिहूनच ठेवलं होतं म्हणा ना. मी तोंड उघडलं.

"आई," ऊर्मिला कानाशी कुजबुजली, "पदराला काय लागलंय हो?"

मी खाली बघितलं. हिरव्या पदराचं टोक लाल आणि मातकट झालं होतं. वाळून कडक झालं होतं. औटींच्या आवाजावर हसणारी पुढची रांग पण तिथंच बघायला लागली. मग दुसरी रांग. हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत मागं गेलं. मी स्टेजवर बघितलं. ह्यांनी मान खाली घातली होती. ओढ्यापाशीच बघितलं होतं या माणसानं, आणि चार किलोमीटर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "वेळ चुकलीय तेवढी दुरुस्त करून घ्या. बाकी बरोबर आहे."

औटींनी परत एकदा पानावर नजर टाकली. वकील माणूस, सहज सोडणार नव्हते. "अश्रुधारासुद्धा?"

"बाकी म्हटल्यावर त्यात काय काय येतं, हे वकिलाला मी समजावून सांगायचं?"

आता मंडप हसला तो वेगळा. औटींनी पुस्तक मिटलं. वाईट माणूस नाही तो, शाल त्यांनी स्वतःच्या हातानं ह्यांच्या खांद्यावर घातली. त्यावर ह्यांनी काय करावं? हारतुरे बाजूला सारून खिशातून एकशे सतराचा चुरगळलेला कागद काढला आणि पालथा करून औटींच्या हातात दिला.

"धरणाच्या रस्त्यावरच्या तक्रारी आहेत. दिव्याचं आधी बघा, दीड महिना झाला."

मग आठवडाभर हे पाय पाटावर ठेवून ओटीवर बसले आणि पाचशे प्रतींत पाच तास चाळीस खोडून वर नऊ तास सव्वीस लिहिलं. एकेका प्रतीत, सही करून. संपत आलं तेव्हा मी खोडायच्या राहिलेल्या प्रतींचा गठ्ठा त्यांच्या हाती लागला. उघडून बघितलं, दुसरी उघडली, तिसरी उघडली.

"सगुणा, या चाळीसेक प्रतींत तुझं वाक्य तसंच राहिलंय."

"असेल."

"का नाही खोडलंस?"

"तुमच्या तक्रारी लिहून रिफिल संपली."

"नवी मागवली ना मी सोमवारी."

"ती तुमच्या वेळेसाठी होती," मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.